लाईट गेलती

"कुमू टाका भाऊ. के, यू, एम, यू. सगळे लहान अक्षरं," राजदीप फोनवर म्हणाला.

प्रफुल्लला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय टाकू?"

"कुमू, कुमू. तोच पासवर्ड हाय. मीच टाकलता तवा." त्याच्या मागे दुकानात कोणीतरी चार्जर मागत होतं, आणि तो फोन न सोडता त्यालाही उत्तर देत होता. "उघडलं ना? मंग पेनड्राईव लावा, काल दाखवलं तसं करा. मधात लाईट नाही गेली पाह्यजे आन तुम्ही कोणत्याबी हालतीत बटन बंद करू नका. बस. बाकी काही टेन्शन नाही."

फोन बंद झाला तरी प्रफुल्लने तो कानाशीच धरून ठेवला होता. समोरच्या पडद्यावर, रोज कॉम्प्युटर लावताना कधी न येणाऱ्या एका निळ्या चौकटीत, एक लहानशी रिकामी पट्टी होती आणि तिच्यात एक उभी रेघ लुकलुकत होती. उघडलं कुठे होतं? त्याने अजून काही टाकलंच नव्हतं. राजदीपच्या 'उघडलं ना'ला तो 'हो' म्हणाला होता, फोन लवकर बंद व्हावा म्हणून. स्वयंपाकघरात दीपा कढईत काहीतरी परतत होती आणि झाऱ्याचा आवाज मधूनमधून थांबत होता. रविवारची दुपार, जेवणाच्या आधीची. लेक, खुशी, अमरावतीला होस्टेलवर गेल्यापासून या वेळी घरात असा एखादाच आवाज असायचा. कुमू. बसमध्ये डुलकी लागलेली असताना मागे पडलेल्या गावाचं नाव नंतर कोणीतरी सांगावं, तसं ते नाव त्याला आठवलं. हे त्याच्या बायकोचं नाव होतं. म्हणजे एकेकाळी होतं. आणि ते राजदीपला ठाऊक होतं, इतकं ठाऊक होतं की चार्जरच्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याला ते न आठवता सांगता आलं.

ती कळंबची कुमुदिनी, घरातली कुमू. लग्नात नाव बदलायचं की नाही हे तिला कोणी विचारलं नाही, त्यालाही तसं कोणी फार विचारलं नाही. आत्या म्हणाली, "कोणतं ठेवाचं सांग ना बापा लवकर, लोक जेवाले थांबले," आणि कुठल्याशा लग्नपत्रिकेवर वाचलेलं, डोळ्यांना बरं वाटलेलं एक नाव त्याने सांगून टाकलं. ताटातल्या तांदळात अंगठीने तो ते लिहायला लागला, पण तांदूळ जाडा होता, अक्षर धरेना. शेवटी आत्याने बोट दाबून 'दी'ची वेलांटी पक्की केली. तेव्हा नवरीने ताटात पाहिलं होतं. एसटीची पाटी वाचावी तसं. आपलीच गाडी आहे ना, एवढंच पाहून घ्यावं तसं. मग ती दीपा झाली, रेशनकार्डावर झाली, खुशीच्या शाळेच्या दाखल्यात आईचं नाव म्हणून दीपा झाली, आणि जुनं नाव फक्त तिच्या आईच्या तोंडात राहिलं. त्या यवतमाळला आल्या की चौकटीतूनच "कुमू, पाणी दे वं," म्हणायच्या. त्या गेल्या, कळंबचं घर चुलत्यांकडे गेलं, आणि ते नाव नाहीसं झालं. प्रफुल्लने ते तिला कधी हाक म्हणून मारलं नव्हतं. मराठीतही कधी लिहिलं नव्हतं. आता त्याला ते इंग्रजीत लिहायचं होतं.

त्याने एकेक अक्षर दाबलं. पट्टीत अक्षरांऐवजी चार ठिपके उमटले, आणि खटकन सगळा पडदा बदलून आतलं पान उघडलं. इतक्या सहज उघडलं याचाच त्याला राग आला. खरं तर कुठेतरी चूक निघावी, लाल अक्षरांत काहीतरी यावं, राजदीपची आठवण खोटी ठरावी, असं त्याला वाटत होतं.

या कॉम्प्युटरचं निमित्त साधं होतं. जुनी विंडोज आता चालणार नाही असं त्यावर सारखं येत होतं आणि नवी काही केल्या चढत नव्हती. काल तो दुकानात गेला तेव्हा राजदीप म्हणाला, "मदरबोर्ड चांगला हाय भाऊ तुमचा, फेकाचं काम नाही. बायोस जुना झाला फक्त. थो नवा टाकला का चढते." बायोस म्हणजे काय, असं विचारल्यावर त्याने काउंटरवर बोट ठेवलं. "तुम्ही बटन दाबलं का विंडोजच्या बी आंधी जे जागं होते ते. तुमाले दिसत नाही. पण त्यानं उठवल्याशिवाय कोणी उठत नाही." मी येऊन करून देतो म्हणत होता. नको, असं प्रफुल्लच म्हणाला होता. नको का म्हणालो आपण? तेव्हा तर काही माहीत नव्हतं. की होतं? राजदीपने तेव्हा पटकन मान हलवून पेनड्राईव्ह काढून दिला होता, आणि "ताईची शिकवणी कशी काय?" असंही विचारलं होतं. दीपा घरी चौथी-पाचवीच्या पोरांची शिकवणी घ्यायची, त्यांच्या प्रश्नपत्रिका या कॉम्प्युटरवर करायची. दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो त्यातलंच ते. पण गिऱ्हाईक तर प्रफुल्ल होता. त्याचा कापूस कसा काय, असं राजदीपने विचारलं नव्हतं.

प्रफुल्ल आर्णी रोडवरच्या एका जिनिंगमध्ये कापूस पाहायचा. गाड्या लागल्या की तो एकेका गाडीवर चढायचा आणि कोपरापर्यंत हात आत खुपसायचा. ओल मोजायचं यंत्र होतं, पण मालक म्हणायचा, आधी प्रफुल्लचा हात, मग यंत्र. वरचा कापूस नेहमी कोरडा, पांढरा, हसरा असतो. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला असतो तो मधला थर. समोरचा शेतकरी "पाह्य ना भाऊ, दूध हाय दूध," म्हणत असतो तेव्हा प्रफुल्ल त्याच्याकडे बघतही नसे, आत बोटं चाचपडत असत. एवढ्या वर्षांत ही खोड हातातून वर चढत गेली होती. लग्नकार्यात लोक गमतीने म्हणायचे, याच्या हातात हात देऊ नका रे, वजनात कटती लावते हा. तोही हसायचा. पण भाजीवाली टोपलीतले वरचे टोमॅटो दाखवायची तेव्हा, नातेवाईक फार प्रेमाने बोलायचे तेव्हा, खुशी फोनवर "सगळं छान आहे बाबा," म्हणायची तेव्हा, त्याचा हात नकळत आत जायचा.

त्याने पेनड्राईव्ह लावला. काल राजदीपने दाखवलं होतं त्या क्रमाने दाबत गेला. यंत्राने इंग्रजीत विचारलं, खरंच करायचं ना? त्याने हो म्हटलं. पडदा काळा झाला आणि मध्ये एक आडवी नळी दिसू लागली. तिच्या डाव्या टोकाला पांढरं काहीतरी भरायला लागलं होतं. खाली एक ओळ होती. ती त्याने शब्द जुळवत वाचली. काम चालू असताना यंत्र बंद करू नये, बंद केल्यास ते पुन्हा सुरू होणार नाही. आता करण्यासारखं काही नव्हतं. माऊसही चालत नव्हता. अशा वेळी मनाला कुठे बसवावं हे त्याला कधी कळलं नव्हतं, ते आपलंच कुठेतरी जाऊन बसायचं, आणि आज ते करोनाच्या वर्षात जाऊन बसलं.

तेव्हा खुशी आठवीत होती. शाळा मोबाईलवर आली होती, आणि मोबाईलवर तिचे डोळे दुखत होते म्हणून हे यंत्र जुळवून घेतलं होतं. बाजार बंद, राजदीपने दुकानाचं शटर अर्धं वर करून एकेक भाग काढला होता. जिनिंग तेव्हा उशिरा सुरू झालं होतं आणि शेतकरी घरात साठवलेला कापूस घेऊन रांगा लावून होते. प्रफुल्ल पास दाखवत जायचा, परत आला की मागच्या अंगणात आंघोळ करूनच आत यायचा. त्या दिवशी ओल्या केसांनी तो आत आला तेव्हा या खोलीत निळा उजेड होता, खुशी यंत्रासमोर बसून टाळ्या वाजवत होती. राजदीप येऊन गेला होता. आणि ओट्यावर दोन कप उपडे घातलेले होते. त्या दिवसांत कोणी कोणाला पाणी देत नव्हतं. सख्खा भाऊ आला तरी फाटकाच्या बाहेरून बोलून जायचा. "चहा घेतला का त्यानं?" प्रफुल्लने विचारलं होतं. "हो. घाबरत घाबरत घेतला बिचाऱ्यानं," दीपा म्हणाली होती. तेव्हा त्याला फक्त रोगाची भीती वाटली, त्याने ते कप पुन्हा गरम पाण्यात घालायला लावले. आज त्याला 'बिचाऱ्यानं' ऐकू आलं. एवढी वर्षं तो शब्द कुठेतरी खाली पडून होता आणि आज कोणीतरी तो उचलून त्याच्या हातात दिला. राजदीप कप धरून कुठे बसला असेल? या खुर्चीवर. ती कुठे उभी असेल? मास्क खाली ओढल्याशिवाय चहा पिता येत नाही. तोंडावरचं फडकं बाजूला करून एकमेकांचे चेहरे पाहायला मिळणं, ही त्या दिवसांत केवढी मोठी गोष्ट होती.

पांढरं हळूहळू सरकत होतं. मग राजदीप नंतरही आला होता. प्रिंटर लावायला आला, एकदा माऊस बदलायला आला. प्रत्येक वेळी प्रफुल्ल कामावर. दुकानवाला माणूस दिवसाच येणार, आणि दिवसा प्रफुल्ल जिनिंगमध्येच असणार, हे त्याचं त्यालाही समजत होतं. पण समजण्याने काही थांबत नव्हतं. राजदीपची मावशी कळंबला असते हे त्याला कोणी सांगितलं होतं? राजदीपनेच, केव्हातरी बोलता बोलता. राजदीप तिच्याहून सहा-सात वर्षांनी लहान असावा. सुट्टीत मावशीकडे आलेला पोरगा, तिथल्या चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली कुंडाकडे जाणारा, आणि तिथे फ्रॉकमधली एक मुलगी, कुमू. तिचा हात धरून तो एकेक पायरी उतरतो. प्रफुल्लने हे चित्र इतकं स्पष्ट पाहिलं की खालच्या पाण्याचा गारवाही त्याला लागला, आणि मग त्याला स्वतःची लाज वाटली, कारण यातलं काहीही कोणी त्याला सांगितलेलं नव्हतं. आणि राजदीप, दीपा. या दोन नावांकडे त्याचं आजवर लक्ष कसं गेलं नाही? पण दीपा हे नाव तर त्याने स्वतः ठेवलं होतं. इथे संशय घ्यायला कोणी सापडेना तेव्हा तो जाडा तांदूळ आणि आत्याचं बोट यांच्यावर चिडला.

"झालं का तुमचं?" दीपा आतून म्हणाली. "भाकरी टाकू का?"

"थांब जरा. चालू हाय."

झारा थांबला. त्याला वाटलं, ती दारात येईल. ती आली नाही. मग त्याने पडद्यावरची नजर न काढता, गाडीवरून शेतकऱ्याशी बोलतो त्या सहज आवाजात विचारलं, "तुले आता कुमू म्हणून कोण हाक मारते वं?"

आत पाण्याचा नळ सुरू झाला आणि बंद झाला.

"काहून?"

"असंच. आठवलं."

"आई गेल्यापासून कोणीच नाही," ती म्हणाली. "कोण म्हणीन आता?"

कोणीच नाही. तिने हे किती सरळ सांगितलं. मध्ये फक्त नळ सुरू होऊन बंद झाला होता, तेवढंच. खोटं बोलणारा माणूस आधी 'काहून' विचारतो, हे त्याला गाड्यांवर शिकायला मिळालं होतं. पाणी मारलं का, असं विचारलं की खरा शेतकरी शिवी देतो, खोटा म्हणतो, काहून हो भाऊ? पण खराही कधीकधी म्हणतो. असं का म्हणतो? ती खरं सांगत असेल, कोणीच हाक मारत नसेल, पण मग चार्जर विकता विकता ते नाव कोणाच्या ओठावर होतं? हाक मारायला नाव लागतंच असं नाही. नाव नुसतं ठाऊकही असू शकतं. ते जास्त वाईट. बायकोने आपल्या घरातल्या कोणालाही न सांगता एक वस्तू बाहेर ठेवायला दिली आहे आणि ती वस्तू आपल्याच मालकीची होती हे आपल्याला आज कळतं आहे, असं काहीसं त्याला वाटलं. मालकी हा शब्द त्याने मनातल्या मनात मागे घेतला. मागे घेतला तरी तो तिथेच राहिला.

आणि हे जे आत चाललं आहे ते काय आहे? हा पेनड्राईव्ह राजदीपचा. त्यातली फाईल राजदीपची. ती आता मदरबोर्डाच्या मुळाशी जाऊन बसते आहे. तुम्हाला दिसत नाही, पण त्याने उठवल्याशिवाय कोणी उठत नाही. आपल्या घरात, आपल्या हाताने, आपण त्याला आत सोडतो आहोत. प्रफुल्ल खुर्चीत मागे सरला. नळी अर्ध्याहून जास्त भरली होती.

तेव्हा आत दीपाचा फोन वाजला.

त्याचा स्वतःचा फोन टेबलावर पालथा होता. त्याने तो मघाशी गप्प करून ठेवला होता, का ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. "हं, बोला," दीपा म्हणत होती. "हो... हो, बसले ना. समोरच बसले... नाही, उचलत नसतील..." मग पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं झालं असावं, आणि ती हसली.

मोठ्याने नाही. नाकातून हवा निघून जावी तसं, आणि मागून गळ्यातून थोडंसं. हे हसू प्रफुल्लने पूर्वी ऐकलं होतं. कधी, ते त्याला आठवेना. खुशी लहान असताना? गच्चीवर? हे हसू कुठे गेलं असा प्रश्नही त्याला इतकी वर्षं पडला नव्हता, आणि आता ते सापडलं तर दुसऱ्या कोणाच्या फोनमध्ये सापडलं. "थांबा, मी पाहून सांगते," ती म्हणाली आणि तिची पावलं दाराकडे निघाली.

आपण ठरवून काही केलं असं त्याला नंतर कधीही म्हणता आलं नाही. टेबलामागच्या भिंतीवर बोर्ड होता, त्यावरचं बटन त्याच्या हाताच्या अंतरावर होतं, आणि हात गेला. एवढाच खट्ट आवाज. पडद्यावरची नळी, पांढरं, खालची ओळ सगळं एकदम आत ओढलं गेलं. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घरघरत मंदावला आणि थांबला. त्याने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. क्षणभर त्याला खूप बरं वाटलं, काट्याचं टोक निघून गेल्यावर वाटतं तसं, आणि मान वळवली तर दीपा दारात उभी होती. तिच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हाताला पीठ लागलं होतं.

"काय झालं?"

"लाईट गेली," प्रफुल्ल म्हणाला.

छताचा पंखा फिरत होता. तो जुना होता, फिरताना जरासा डुलायचा, आणि त्याच्या वाऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वर उचललं जाऊन पुन्हा खाली पडत होतं. दीपाने वर पाहिलं. मग बोर्डाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळे काळ्या पडद्यावर ठेवले, तर तिथे ती दिसत होती, दारात, लहान, फोन धरलेली. फोनमधून बारीक आवाज येत होता, "ताई? हॅलो, ताई?"

तिने फोन कानाला लावला.

"हो राजदीपभाऊ. लाईट गेलती ना," ती म्हणाली. "हो, मधातच... आली आता, लगेचच आली. पण थे काळं पडलं सगळं... आता काय करता, त्याले कोणाचा इलाज हाय? उद्या हे घेऊन येतीन दुकानात. बरं. ठेवते."

तिने फोन टेबलावर ठेवला, त्याच्या फोनच्या शेजारी. आत तवा तापून धूर यायला लागला असावा, तसा वास आला. ती आत जाऊन गॅस बंद करून आली आणि पलंगाच्या कडेला बसली. पिठाचा हात तिने मांडीपासून दूर, हवेत धरला होता.

"बंद काहून केला?" ती म्हणाली.

त्याला सांगायचं नव्हतं. पण लाईट गेली म्हणून सांगून झालं होतं आणि आता दुसरं काही सुचत नव्हतं. "कॉम्प्युटरचा पासवर्ड कुमू हाय," तो म्हणाला. "राजदीपले कसं माहीत?"

तिला खरंच आठवावं लागलं, किंवा आठवावं लागल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"हाव, बापा," ती म्हणाली. "मीच तर सांगतलं होतं. खुशी तवा काहीबाही दाबत बसे, म्हणून त्यानं आतल्या सेटिंगले कुलूप लावलं. म्हणे, ताई, असं एखादं नाव सांगा, जे या घरात कोणालेच माहीत नाही." ती थांबली. "मी म्हटलं, मंग माझंच टाक."

कॅलेंडरचं पान दोनदा वर गेलं आणि खाली आलं. प्रफुल्लला काहीतरी बोलायचं होतं. मले माहीत होतं, असं म्हणावं, तर ते खरंही होतं, त्याला माहीत होतं. पण ज्या अर्थाने ती म्हणत होती त्या अर्थाने माहीत नव्हतं, हे त्याला एकदम कळलं. त्या दुपारी खुशी उड्या मारत असेल, एक परका माणूस मास्क सावरत सहज काहीतरी विचारत असेल, आणि हिला क्षणभरही विचार करावा लागला नसेल. उत्तर तयारच असेल. कोणी विचारायचीच वाट असेल.

"आन हासली काहून?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं.

"कवा? आत्ता? थो म्हणे, बायोस टाकतानी लोक श्वास रोखून बसतात. भाऊ श्वास घेऊन राह्यले का नाही, थेवढं पाहून सांगा." ती या वेळी हसली नाही. "तुमी काय समजले?"

"काही नाही."

"काही नाही कसं? चांगली चालती मशीन मारून टाकली तुमी."

"त्याले खोटं काहून सांगतलं मंग तू?"

"मंग काय सांगू?" तिचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. "माह्या नवऱ्यानं माहं नाव आयकून बटन दाबलं, असं सांगू?"

ती उठली आणि आत गेली. जरा वेळाने भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, नेहमीसारखा, एका लयीत. ते जेवले. तिने त्याच्या ताटात दुसऱ्यांदा वरण वाढलं, आणि तेही नेहमीसारखंच. प्रफुल्लला पटलं होतं. त्याचा हात आत शेवटपर्यंत गेला होता आणि सगळं कोरडं लागलं होतं. कोणी मुलगा नव्हता, पायऱ्या नव्हत्या. एक कंटाळलेली बाई होती आणि एक भला दुकानदार होता. जेवून हात धुताना मात्र त्याला तिचं फोनवरचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. लाईट गेलती ना. ते म्हणताना ती अडखळली नव्हती. श्वास बदलला नव्हता. वर 'त्याले कोणाचा इलाज हाय' हे तिने स्वतःच्या पदरचं घातलं होतं, इतकं सहज की लाईट खरोखर गेली असती तरी तिने तेच आणि तसंच म्हटलं असतं. आणि पुढच्याच मिनिटाला, त्याच जागी, त्याच आवाजात तिने नावाची गोष्ट सांगितली होती. दोन्ही वाक्यं त्याने मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ओल कुठेच लागत नव्हती. एक खोटं आहे हे त्याला माहीत होतं, पण बटन त्यानेच दाबलं होतं म्हणून. हाताला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिनिंगवर जाण्याआधी त्याने तो डबा गाडीच्या पुढे पायांत धरून दुकानात नेला. राजदीपने तो उघडला, दोन-तीनदा सुरू करून पाहिला, कान लावून ऐकलं. काहीच उठलं नाही. "अर्धवट लिहिल्या गेलं," तो म्हणाला. "चिप काढून नागपूरले पाठवा लागीन. तिकडं मशीनवर लिहून देतात. होऊन जाईन, जिवाले लावून नका घेऊ." मग स्क्रू एका वाटीत टाकता टाकता, मान वर न करता त्याने विचारलं, "लाईट गेलती म्हणे काल तुमच्या इकडं?"

"हो ना," प्रफुल्ल म्हणाला.

"आमच्या इकडं तं नाही गेली. दिवसभर होती."

त्याच्या आवाजात काही नव्हतं. किंवा असलं तर ते खालच्या थरात होतं. प्रफुल्लने त्याच्या बोटांकडे पाहिलं, ती स्क्रू मोजत होती. आपल्या मागे कोणीतरी गाडीवर चढून उभं आहे आणि त्याचा हात आपल्या आत शिरतो आहे, असं त्याला वाटलं.

"आमच्या लाईनवरच गेली," तो म्हणाला. "ट्रान्सफॉर्मरले काही तरी झालं. आवाज आलता मोठा. लोक बाहेर निघालते पाहाले."

"अस्सं," राजदीप म्हणाला. "मंग बरोबर."

हे सगळं आपण कुठून आणलं, याचा विचार तो दिवसभर करत होता. आवाज, बाहेर निघालेले लोक. बोलताना त्याला ते दिसलेही होते, समोरच्या घरातल्या हंसाबाई हात कपाळावर धरून वर बघताना दिसल्या होत्या. तो गाड्यांवर चढला, उतरला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने "काहून हो भाऊ?" असं विचारलं तेव्हा तो हात आत तसाच ठेवून त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि गाडी तशीच पास करून टाकली.

संध्याकाळी दीपा शिकवणीच्या पोरांच्या वह्या तपासत बसली होती. टेबलावर यंत्राच्या जागी एक स्वच्छ चौकोन उरला होता, बाकी सगळीकडे धूळ. ती म्हणाली, "काय म्हणे?"

"नागपूरले पाठवतो म्हणे. होईन." प्रफुल्ल बूट काढत बसला. एवढं सांगून थांबता आलं असतं. पण दोघांचं सांगणं जुळायला हवं, हे त्याच्या मनात दुपारपासून होतं, आणि ते मनात आल्यावर त्याला बरंही वाटलं होतं. किती वर्षांनी त्या दोघांचं असं मिळून काही झालं होतं, भले खोटं. "त्यानं विचारलं लाईटचं. मी ट्रान्सफॉर्मरचा आवाज आलता असं सांगतलं. तुले माहीत असू दे."

दीपाने लाल पेनने एका गणितावर बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

"बरं," ती म्हणाली. "मी बी मंग तसंच सांगीन त्याले."

प्रफुल्लच्या हातात एका बुटाची नाडी होती. कवा सांगशीन? असं त्याच्या ओठावर आलं. ती वही खाली ठेवून दुसरी घेत होती, दिव्याखाली तिचा चेहरा शांत होता, आणि छताचा पंखा बंद असल्याने खोलीत पानांचाही आवाज स्पष्ट येत होता. त्याने विचारलं नाही. त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली, दोन्ही बूट भिंतीशी नीट जुळवून ठेवले, आणि ती पुढे काही बोलते का ते ऐकत तिथेच बसून राहिला.